चार नंबरचं टेबल

चार नंबरची चिठ्ठी माझ्या मुलीच्या हाती लागली तेव्हा मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होतो.

आमच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या मशीन लॅबमध्ये परीक्षेला सहा टेबलं मांडतात. प्रत्येक टेबलावर एक प्रयोग. स्टीलच्या डब्यात सहा चिठ्ठ्या असतात. ज्याला जो आकडा येईल ते त्याचं टेबल. एकतीस वर्षं तो डबा माझ्याच हातात असायचा. त्या दिवशी मात्र मी तो विभागप्रमुख मॅडमकडे दिला. त्या म्हणाल्या, तुम्हीच धरा की सर. मी म्हणालो, मला जरा मीटर बघायचेत. मीटर मी सकाळी सातलाच बघून ठेवले होते आणि मॅडमना ते माहीत होतं. बावीस वर्षांपूर्वी त्याही याच डब्यातून चिठ्ठी काढून परीक्षेला उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी डबा घेतला आणि पुढे काही विचारलं नाही.

"चार," मुलगी म्हणाली.

दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या परीक्षकांनी यादीत तिच्या नावापुढे चार लिहिलं. गृहस्थ उंच, बोलायला कमी, खिशाला दोन पेनं. एकाने आकडे लिहायचे, दुसऱ्याने शेरे. सकाळी चहा घेताना त्यांनी मला विचारलं होतं, तुमची मुलगी दुपारच्या बॅचला आहे म्हणे? मी हो म्हणालो. ते "बरं" म्हणाले आणि कप खाली ठेवला. त्या "बरं"मध्ये बहुधा काहीच नव्हतं. मला मात्र ते दिवसभर पुरलं.

चार नंबरवर डीसी शंट मोटारीचा वेग बदलून मोजायचा होता. मुलांना हा प्रयोग हातचा वाटतो. चारची चिठ्ठी निघाली की चेहरा उजळतो. मला त्या दिवशी नेमका तोच आकडा नको होता. का, ते सांगतो. पण त्याआधी आमच्या लॅबची रीत सांगायला हवी.

मी इंजिनियर नाही. वायरमनचा कोर्स केला, नऊ वर्षं जळक्या मोटारींच्या गुंडाळ्या बदलल्या, मग इथे मदतनीस म्हणून लागलो आणि होता होता इन्स्ट्रक्टर झालो. वर्गात फळ्यावर जे गणित चालतं त्यातलं निम्मं मला आजही येत नाही. पण इलेक्ट्रिकलची मुलं दुसऱ्या वर्षी लॅबमध्ये आली की पहिला तास माझा असतो. त्यांना मी सांगतो, सुताराला लाकूड दिसतं, गवंड्याला वीट दिसते. तुम्ही जे हाताळणार आहात ते दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याला वास नाही. वास आलाच तर समजा उशीर झाला. मुलं हसतात. मग मी म्हणतो, म्हणून या विद्येत हुशारीच्या आधी सवय लागते.

सवय अशी. मुलांनी जोडणी केली की आकृतीचा कागद घेऊन माझ्याकडे यायचं. मी टेबलापाशी जातो आणि एकेक वायर चिमटीत धरून ओढून बघतो. घट्ट असली की आकृतीत त्या जोडापाशी लाल पेन्सिलीने बारीकसं टिंब देतो. ढिली असली तर नुसतं "हं" म्हणतो आणि थांबतो. पोरगं काय समजायचं ते समजतं, पान्हा उचलतं. सगळ्या जोडांना टिंबं मिळाली की खाली माझी सही. सही झाल्यावरच खिशातून त्या टेबलाची फ्यूजची ग्रिप काढून देतो. ती खाचेत बसल्याशिवाय टेबलाला वीज नाही. सहा टेबलांच्या सहा चिनीमातीच्या ग्रिपा माझ्या ॲप्रनच्या खिशात दिवसभर खुळखुळत असतात. पोरं मला पाठीमागे खेचूसर म्हणतात. पुढूनही एकाने म्हटलं होतं एकदा, चुकून. मग चार दिवस मला बघून जिन्याने वर जायचा.

आता चार नंबरचं दुखणं. तिथल्या रिओस्टॅटला, म्हणजे सरकवून प्रवाह कमीजास्त करायच्या नळीला, वायर जिथे आवळतात त्या एका टर्मिनलचे आटे झिजले होते. नट फिरवला की हाताला घट्ट लागतो, आणि घट्ट नसतो. नवीन मिळावं म्हणून मी अर्ज दिलेला होता, तो कुठल्याशा टेबलावर विश्रांती घेत होता. तोवर माझा उपाय चालू होता. त्या टेबलावर जो कुणी येईल त्याला मी वायर ओढून दाखवायचो आणि सांगायचो, इथे तारेला दोन वेढे दे, वर वॉशर टाक, मग आवळ. सकाळच्या बॅचला चारवर एक मुलगा होता. तोंडाला कुलूप म्हणून नाही, म्हणून मित्र त्याला सायलेंट म्हणतात. त्यालाही मी हेच सांगितलं. त्याने दोन वेढे दिले, वॉशर टाकला, आणि तेवढ्या वेळात मला त्याच्या मावशीच्या मिक्सरची हकीकतही सांगितली.

एक वायर ढिली राहिली तर काय एवढं, असं कुणाला वाटेल. पण ही वायर फील्डची. डीसी मोटारीत दोन गुंडाळ्या असतात. आतली फिरते. बाहेरची जागेवर बसून चुंबक तयार करते. तिला फील्ड म्हणतात. मुलांना मी सांगतो, फील्ड हा लगाम आहे. रिओस्टॅट सरकवून लगाम थोडा सैल केला की मोटार वेग घेते, हाच तर प्रयोग. पण लगाम हातातून सुटला तर ती सैल धावत नाही, उधळते. भार नसलेली मोटार उधळली की वेग वाढतच जातो, आतल्या गुंडाळ्या उपटून बाहेर येईपर्यंत. या प्रयोगाला जो स्टार्टर लागतो त्याला फील्ड तुटलेलं कळत नाही. मोटार वाचवायला शेजारी उभा असलेला माणूसच लागतो.

आणि माझी मुलगी म्हणाली होती, चार.

घरी तिला आम्ही टेस्टर म्हणतो. पाच वर्षांची असताना माझ्या पिशवीतला टेस्टर घेऊन ती घरभर फिरायची. भिंत, खुर्ची, झोपलेली आई, सगळ्यांना लावून बघायची आणि निकाल द्यायची, "आईमध्ये लाइट नाही." पुढे तिला इलेक्ट्रिकललाच जायचं होतं आणि मार्कांच्या यादीत तिला माझंच कॉलेज मिळालं. त्या दिवशी मी तिला समोर बसवून सांगितलं, कॉलेजात मी तुझा कुणी नाही. ती म्हणाली, चालेल सर. तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

पण मी ते फारच मनावर घेतलं. चार वर्षांत तिच्या अभ्यासाला एकदाही बसलो नाही. बाकीच्यांचे बाप लॅबमध्ये नसतात, मग हिचा का असावा, हा माझा हिशेब. दुसऱ्या वर्षी मशीन्सच्या पेपरला ती पहिली आली, तेव्हा जिन्यात कुणी तरी म्हणालं, लॅब काय, घरचीच आहे. बोलणाऱ्याने मला पाहिलं नव्हतं. मी ते ऐकून खाली गेलो आणि त्यानंतर प्रॅक्टिकलला तिच्या टेबलापाशी अजूनच कमी थांबू लागलो.

आता ती शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजात कंपन्या आल्या तेव्हा तिला दोन ठिकाणी घेतलं. एक नोकरी कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिण्याची, गार खोलीत. दुसरी वीज वाहून नेणाऱ्या कंपनीत, उपकेंद्रांतल्या रक्षक यंत्रणा तपासण्याची. तिच्या आईला पहिली हवी होती. पोरगी डोक्यावर हेल्मेट घालून त्या मोठ्या तारांखाली उभी राहणार, हे तिला झेपेना. तीन दिवस घरात हाच विषय. टेस्टरने दुसरी घेतली. मला काही विचारलं नाही, मीही बोललो नाही, पण त्या रात्री मी भाजी दोनदा वाढून घेतली.

माझ्या हाताखालून गेलेली मुलं कुठे कुठे आहेत, हे मला नेहमीच सांगावंसं वाटतं. एक जण रेल्वेचे सिग्नल बघतो. एक मुलगी शहराची वीज कुठून घ्यायची आणि कुठे सोडायची ते ठरवणाऱ्या खोलीत बसते. भिंतभर दिवे असतात म्हणे. एकाने लिफ्ट तपासण्यात आयुष्य घातलंय, तो कुठल्याही इमारतीत गेला तरी जिन्याने चढतो आणि कारण सांगत नाही. हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करणारा आहे, सूर्याच्या विजेची शेतंच्या शेतं उभारणारा आहे, पंपांचं दुकान काढून माझ्यासारखाच गुंडाळ्या बदलणारा आहे. प्रोग्रॅम लिहिणारे तर ढिगाने. ते भेटले की जरा ओशाळून सांगतात. मी म्हणतो, अरे, तुझा कॉम्प्युटर काय तुपावर चालतो? कुठेही जा. वायर ओढून बघायची सवय तेवढी जाऊ देऊ नकोस.

टेस्टरच्या नोकरीला एकच अट होती. याच परीक्षेत सगळे विषय सुटले पाहिजेत. एखादा राहिला तर सहा महिने थांबायला कंपनी तयार नव्हती.

तिने दहा मिनिटांत जोडणी केली आणि कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"सर, चेक करता?"

मी चार नंबरपाशी गेलो. परीक्षक दोन पावलांवर उभे होते. माझा हात सवयीने पहिल्या वायरकडे गेला आणि मध्येच थांबला. माझ्या मनात काय आलं ते मी आज नीट सांगू शकतो, त्या वेळी ते इतकं नीट नव्हतं. मी वायर ओढणार, ती हातात येणार. मग मला "हं" म्हणावं लागणार, दोन वेढे सांगावे लागणार. बाप मुलीला परीक्षेत सांगतोय, असं ते दिसणार. सकाळपासून पाच मुलांना मी काही ना काही सांगितलं होतं आणि त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं, हे मला त्या क्षणी आठवलं नाही.

मी हातभर अंतरावरून बघितलं. रंग बरोबर, जागा बरोबर. खाली सही केली आणि ग्रिप काढून दिली. तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. ग्रिप घेऊन ती वळली.

मी दोन नंबरकडे गेलो. पाठीमागे मोटार सुरू झाली, छान एकसुरी. तिने रिओस्टॅट सरकवला, आवाज एक पायरी चढला. पुन्हा एक. कान माझे तिकडेच होते. तिसऱ्या पायरीला आवाज चढला आणि थांबलाच नाही.

आमच्या लॅबमध्ये बावीस-पंचवीस वर्षांत मोटार उधळली नव्हती, त्यामुळे बाकीच्या मुलांना तो आवाज ओळखू आला नाही. ती सगळी तिकडे बघत उभी राहिली. मी वळलो तेव्हा ॲमीटरचा काटा टोकाला जाऊन आपटला होता, आणि सुटलेली वायर रिओस्टॅटपाशी लोंबत होती. अशा वेळी माणसाचा हात त्या वायरकडेच जातो, ती परत जागेवर बसवावी म्हणून. तिला हात लावणारा वाचतोच असं नाही. टेस्टरने हातातलं वेग मोजायचं यंत्र टाकून दिलं, मागे सरकली आणि मेन स्विच खाली ओढला. दोन सेकंद, फार तर तीन. मग मोटार बराच वेळ सुँ करत मंदावत राहिली.

परीक्षकांनी शेरे लिहायचं पेन काढलं. मोटार उधळली तर प्रॅक्टिकलला नापास, असा विद्यापीठाचाच नियम आहे, आणि तो योग्य आहे. माणूस मरतो त्यात. मुलगी म्हणाली, वायर मी आवळली होती. ते शांतपणे म्हणाले, आवळली असती तर निघाली नसती.

"आवळली असेल," मी म्हणालो. "त्या टर्मिनलचे आटे गेलेत. मी ओढून बघितलं असतं तर कळलं असतं. मी बघितलं नाही."

त्यांनी तिचा कागद उचलला. "सही तुमची आहे ना?"

"सही माझी आहे. तपासणी केलेली नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"आज तुम्ही असंच म्हणणार," ते म्हणाले.

आवाजात टोचणी नव्हती. एखाद्या बापाची कीव करावी तसं ते बोलले. आणि माझ्या लक्षात आलं, की मी जे टाळायला गेलो होतो तेच आता समोर उभं होतं. मी खरं बोलत होतो आणि ते हुबेहूब मुलीला वाचवणाऱ्या बापाच्या खोट्यासारखं दिसत होतं.

मॅडमनी परीक्षकांना आणि मला शेजारच्या खोलीत नेलं. दार लावून त्या आधी माझ्याशीच बोलल्या. म्हणाल्या, सर, दोन महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय. यंत्र नादुरुस्त होतं एवढंच लिहू, ते खरंही आहे. तपासलं नाही असं लेखी दिलंत तर तुमच्या फाइलला लागेल, परीक्षेच्या कामावरून आजच काढावं लागेल. मी म्हणालो, यंत्र नादुरुस्त आहे हे मला तीन महिने माहीत होतं, सकाळच्या मुलाला मी सांगितलंही होतं. मग ते यंत्राच्या नावावर कसं घालू?

परीक्षक टेबलाशी बसून होते. ते म्हणाले, तुमचा प्रामाणिकपणा मी समजू शकतो, पण माझ्याकडे फक्त सही केलेला कागद आहे. उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू, वडील तसं म्हणाले म्हणून?

तेव्हा मॅडम उठून लॅबमध्ये गेल्या आणि दिवसभराचे सगळे कागद घेऊन आल्या. सकाळचे सहा, दुपारचे सहा. ते त्यांनी पत्त्यांसारखे टेबलावर मांडले.

"हे लाल काय आहे, बघा," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळेपासून आहे. मला अकरा मिळाली होती."

बाकीच्या प्रत्येक आकृतीत जोडाजोडाला टिंब होतं. सकाळच्या चार नंबरच्या कागदावर रिओस्टॅटच्या त्या टर्मिनलपाशी दोन टिंबं होती, कारण सायलेंटने वेढे दिल्यावर मी परत ओढून बघितलं होतं. मुलीच्या कागदावर एकही टिंब नव्हतं. नुसती सही, तीही घाईची.

परीक्षकांनी चष्मा लावून बाराही कागद पाहिले. मग उठून एकटेच लॅबमध्ये गेले. दाराच्या काचेतून मला दिसत होतं. चार नंबरपाशी उभे राहून ते तो नट दोन बोटांनी फिरवत होते. फिरवत होते आणि तो फिरत होता.

परत येऊन त्यांनी लिहायला घेतलं. लिहिता लिहिता म्हणाले, "वडील काय म्हणाले ते मी लिहीत नाहीये. तपासणीचा नियम तुमच्याच लॅबचा, तो या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत पाळला गेला नाही, एवढंच लिहितोय."

तिने पुन्हा चिठ्ठी काढायची, दुसरं टेबल, पहिल्यापासून. तपासणी शेजारच्या लॅबचे इन्स्ट्रक्टर करतील. मी परीक्षा संपेपर्यंत लॅबमध्ये यायचं नाही. मी कागदावर चार ओळी लिहून सही केली. सहाही ग्रिपा गोळा करून शेजारच्यांच्या हातात दिल्या. त्यांचे हात लहान, त्यांना दोनदा घ्याव्या लागल्या.

पॅसेजमध्ये पाण्याच्या मशीनपाशी मुलगी उभी होती. पेला भरलेला, प्यालेला नव्हता. मी तिला काय ठरलं ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"सकाळी सायलेंटला दोन वेढे द्यायला सांगितले होते तुम्ही?"

"हो."

"अजून कुणाला?"

"चारवर जो आला त्याला. दर वेळी."

ती रडत नव्हती. तिचा आवाज लॅबमधला नव्हता, घरातला होता.

"बाबा, मला जास्त काही नको होतं. सगळ्यांना जेवढं सांगता तेवढंच हवं होतं. चार वर्षं."

आतून मॅडमनी तिला हाक मारली. तिने पेला मशीनवर ठेवला, ॲप्रनची बटणं लावली आणि आत गेली.

मग मला काही काम उरलं नाही. परीक्षेच्या दिवशी दुपारी अडीच वाजता मला काम नाही, असं कधी झालं नव्हतं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. तिथे चार-पाच मुलं वह्या घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी त्यांची तोंडी परीक्षा होती, त्याच दोन पेनवाल्या सरांकडे. आत काय झालं ते त्यांना कळलेलं होतं. माझ्याकडे बघावं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. सायलेंटसुद्धा खरोखर गप्प होता. पण ते त्याला फार वेळ जमलं नाही.

"सर, एक विचारू का? डीसी सीरीज मोटार भाराशिवाय सुरू करायची नाही असं लिहिलंय. पण का नाही, ते विचारलं तर काय सांगू?"

लॅबमध्ये जायला मला मनाई होती. जिन्यात शिकवायला नव्हती. खडूचा तुकडा एका पोरीकडे निघाला. मी पायरीवरून उतरलो, फरशीवर बसलो, एक गोल काढला, त्याला वीज पोचवणारे दोन ब्रश जोडले आणि फील्डची गुंडाळी त्याच रेषेत पुढे काढली. म्हणालो, इथे फील्ड वेगळं नाहीये. जो प्रवाह आत जातो तोच बाहेरच्या गुंडाळीतून जातो. आता भार नसेल तर प्रवाह किती? "कमी," दोघं-तिघं म्हणाली. प्रवाह कमी, तर फील्ड?

आत मोटार सुरू झाली.

दोन नंबर होता तो. इंडक्शन मोटार, चाकावरचा पट्टा आवळत भार वाढवत न्यायचा आणि दर वेळी मीटर वाचायचे. तिचा आवाज वेगळा, जाड. मी गप्प झालो. मुलंही झाली. आवाज सरळ राहिला. मग पट्टा आवळला गेला आणि तो जरासा जड झाला. थांबला. लिहीत असेल. पुन्हा जड झाला. घाई नव्हती त्यात.

"फील्ड पण कमी," सायलेंट हळूच म्हणाला.

मी पुढे सांगू लागलो. फील्ड कमी म्हणजे लगाम सैल, म्हणून वेग वाढतो. वेग वाढला की प्रवाह आणखी कमी, लगाम आणखी सैल. म्हणून तिला कधी पट्ट्यावरही जोडायचं नाही. पट्टा निसटला की भार गेलाच. दातेरी चाकं लावायची, नाहीतर सरळ दांड्याला दांडा. एकाने विचारलं, ही मोटार मग वापरतात कुठे? मी म्हणालो, जिथे भार सोडून जाऊच शकत नाही तिथे. जुन्या आगगाड्या ओढायला, क्रेनला. हे सगळं मी बोलत होतो आणि आतल्या पायऱ्या मोजत होतो. चार. पाच. सहाव्या वाचनानंतर पट्टा सैल झाला, आवाज हलका झाला, आणि मग स्विच पडला. मोटार आपल्या चालीने मंदावत गेली. भार काढून मगच बंद केली होती. बऱ्याच जणांना ते सुचत नाही, भारासकट बंद करतात.

पंधरा-वीस मिनिटांनी दार उघडलं. मुलगी बाहेर आली. आधी परीक्षकांनी आत बसवून आकडे तपासून घेतले असणार. तिच्या हातावर पट्ट्याचा काळा डाग होता. मैत्रिणीने खुणेने विचारलं, तिने मान हलवून झालं म्हणून सांगितलं. सुटका झालेल्या मुली जशा सरळ गेटकडे जातात तशी तीही जाईल असं मला वाटलं. मी फरशीवर बसलेलो होतो, हातात खडू होता, आणि उठावं की नाही ते सुचत नव्हतं.

ती जिन्यापाशी आली. ॲप्रन काढून घडी केली, ती मांडीवर घेऊन मुलांच्या शेवटी, अगदी खालच्या पायरीवर बसली. वही उघडली.

"उद्या माझी पण तोंडी आहे, सर," ती म्हणाली. "सीरीज मोटार मला कुणी सांगितलेली नाही."

सायलेंटने फरशीकडे बघितलं, आकृती पूर्ण झालेली होती. म्हणाला, सर, आमचं तर झालंय हे सगळं. मी म्हणालो, तुमचं झालंय, तिचं व्हायचंय. उशिरा आलेल्या माणसाला मी अर्ध्यातून कधी सांगत नाही. तुम्ही दुसऱ्यांदा ऐका, काही बिघडत नाही.

मुलं सरकून बसली. मी रुमालाने फरशी स्वच्छ पुसली आणि मधोमध परत एक गोल काढला.